आर्नोकाठचा संगम

हिचा भाचा इटलीत बोलोन्याला शिकायला होता. ‘आत्या, एकदा येच’ हा त्याचा धोशा दोन वर्षं चालला होता. शेवटी 2023 च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागल्यावर पीएफमधून थोडे पैसे काढून आम्ही दोघं बेळगावहून निघालो. त्याची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून एक दिवस त्याने आम्हाला फ्लॉरेन्सच्या गाडीत बसवून दिलं. पाऊण तासाचा प्रवास, आणि त्यातला बराचसा डोंगराच्या पोटातून!

तिथला प्रसिद्ध घुमट, ब्रुनेलेस्कीचा, 1436 साली पुरा झाला. एवढा मोठा घुमट, पण बांधताना जमिनीपासून लाकडी आधार दिलेला नव्हता. वर जायला 463 पायऱ्या. हिचे गुडघे आणि माझा दम, दोघांनी मिळून नकार दिला. मान दुखेपर्यंत खालूनच पाहिला. मग पोंते वेक्क्यो, सोनारांच्या दुकानांनी भरलेला जुना पूल. पूर्वी त्यावर खाटीक बसत, 1593 साली त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. हिने प्रत्येक काचेपुढे थांबून भाव बघितले आणि ‘आपले शहापूरचे सराफ बरे’ असा निकाल दिला.

दुपारी एका छोट्या खानावळीत बसलो. पावाचा तुकडा मोडून हिने तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघितलं. पावात मीठच नाही! तिकडचा साधा पाव असाच असतो. कुणी म्हणतं मिठावरच्या करामुळे, कुणी म्हणतं पिसाशी झालेल्या भांडणामुळे. ‘सुतकातलं जेवण का हो हे?’ ही म्हणाली. बिलात खुर्चीवर बसल्याचे वेगळे पैसे लावलेले बघून तर तिला हसू आवरेना.

पुढचा वाद मात्र मीच ओढवून घेतला. मला छत्री बघायची होती. कोल्हापूरचे राजाराम महाराज 1870 साली विलायतेला गेले. परत येताना ते फ्लॉरेन्सला थांबले आणि 30 नोव्हेंबरला तिथेच वारले. वय अवघं वीस. कोल्हापुरात एम.ए. करताना हे पहिल्यांदा ऐकलं, तेव्हापासून डोक्यात होतं. ही म्हणाली, ‘अहो, जग डेव्हिड बघायला इथे येतं आणि तुम्हाला कोल्हापूरचा राजा बघायचाय?’ डेव्हिडपुढची रांग बघून मग तीच नरमली.

ट्रामने कास्चिने बागेच्या तोंडाशी उतरलो. छत्री मात्र बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. झाडांखालून चालून चालून पाय मोडले, ही दोनदा बाकावर बसली. आणि मग ती दिसली. छताखाली पागोटं घातलेल्या कोवळ्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. स्मारक 1874 साली उभं राहिलं. शेजारून 1978 सालचा मोठा पूल जातो, त्याला लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हा भारतीय कोण ते ठाऊक असेल, देव जाणे.

पुतळ्याच्या पुढे नदी. आर्नोला मुन्योने नावाचा ओढा तिथे येऊन मिळतो. ओढाच तो, आपल्याकडे कुणी त्याला नदी म्हणणार नाही. पण बरोबरच्या मंडळींना दहनासाठी संगम हवा होता, म्हणून ही जागा निवडली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहन म्हणजे काय हे न पाहिलेल्या त्या शहराने परवानगी दिली आणि इथे चिता पेटली.

मी हे सगळं वर्गात सांगावं तसं सांगत होतो. ही बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘अग्नी कुणी दिला हो?’

मला उत्तर देता आलं नाही. आणि ती राजाबद्दल विचारत नाहीये हेही उशिराच लक्षात आलं. हिचा दादा 2006 साली मस्कतला गेला. म्हणजे वारला. कामावर होता, छातीत दुखलं. कागदपत्रं, विमान, सगळं अवघड होऊन बसलं आणि तिथेच उरकावं लागलं. त्याच्या खोलीतल्या मित्रांपैकी एकाने अग्नी दिला म्हणे, नाव आम्हाला आजपर्यंत माहीत नाही. इकडे आला तो अस्थींचा डबा. तो आम्ही नरसोबाच्या वाडीला संगमावर नेला. पोरगा तेव्हा सात वर्षांचा होता.

ही ओढ्याच्या काठाशी गेली, वाकली, पण पाण्यापर्यंत हात पोचेना. पर्समधली शंकरपाळी काढून दोन पाण्यात टाकली. मी काही बोललो नाही.

रात्री स्टेशनजवळ रिबोल्लिता मागवलं. शिळा पाव, घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी पुन्हा उकळून केलेलं दाट सूप. झकास होतं. सोबत तोच अळणी पाव आला. मी मीठ पुढे केलं, तिने हाताने बाजूला सारलं आणि तसाच खाल्ला.

बोलोन्याच्या स्टेशनावर भाचा न्यायला आला होता. ‘काय काय बघितलंस आत्या?’ घुमट, पूल, सोन्याचे भाव, बसायचे पैसे, सगळं सांगून झालं. मग त्याचा दंड धरून म्हणाली, ‘रविवारी परत जायचं. तू आणि मी. तुला एक जागा दाखवायची आहे.’

‘पण परीक्षा...’ तो म्हणाला.

‘सकाळी जाऊ, दुपारपर्यंत परत,’ ही म्हणाली.