उभ्या झाडाचा सौदा

आमच्या दिंडोरी तालुक्यात बांधावरचे झाड उभेच विकले जाते. व्यापारी येतो, बुंध्यावर हात फिरवतो, वर पाहतो आणि एक आकडा सांगतो. शेतकऱ्याने मान डोलावली की इसार हातात पडतो. द्राक्षे विकताना किलोकिलोचा हिशेब मागणारा हाच माणूस झाडाच्या बाबतीत नजरेवर भरवसा ठेवतो, तोही दुसऱ्याच्या नजरेवर.

माझे अब्बा आरागिरणीवर कामाला होते. कुऱ्हाडीचा दांडा बुंध्यावर आपटून आवाज ऐकायचा, बद्द वाजले तर पोकळीचा संशय घ्यायचा, हे त्यांनीच शिकवले. सागाची किंमत गाभ्याला. बाहेरच्या फिक्या लाकडाला कीड लवकर लागते. मोजमापाचा अर्थ मात्र मला पुढे बी.एड. करून उर्दू शाळेत लागल्यावर, आठवीला दायरा, मुहीत आणि रकबा शिकवताना कळला.

माझ्या बेवा खालाने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बांधावरचा साग विकायला काढला. शिडी लावून खोडाच्या मध्यावर दोरी गुंडाळली. फांद्या फुटेपर्यंतची लांबी १५ फूट, मधला घेर ४ फूट. व्यापाऱ्याने चौथाईचा हिशेब मांडला. घेराचा चौथा भाग १ फूट, त्याचा वर्ग १, गुणिले १५. म्हणजे १५ घनफूट. त्यातून चिरकामाची घट म्हणून ३ वजा केले आणि १२ घनफुटांचे पैसे देऊ केले.

हेच खोड गोल धरून मोजले तर १९ घनफूट भरते. चौथाईच्या रीतीत साडेएकवीस टक्के लाकूड आधीच सोडलेले असते. ते कशासाठी? फळ्या काढताना जाणाऱ्या साली, कडा आणि भुशासाठीच. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली या रीतीची कोष्टके छापली आणि ती लाकूडबाजारात रूढ झाली. ती वापरून वर पुन्हा घट कापायची, म्हणजे एकच तूट दोनदा वसूल करायची. १९ चे १२ होतात ते असे.

व्यापारी लबाडच असतो असे मी म्हणत नाही. झाड आतून पोकळ निघाले तर नुकसान त्याचे. कटाई, गाडी, आऱ्याची मजुरी त्याच्याच अंगावर. शिवाय १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग येतो, त्यामुळे परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात. पण हे खर्च भावात दिसावेत, मापात लपू नयेत. आमच्या तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी. आदिवासी खातेदारांच्या झाडविक्रीसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच उभ्या झाडाच्या सौद्यात कोण नाडले जात होते ते समजते.

मी वहीत वर्तुळ काढून दाखवले. व्यापारी आमच्याच मोहल्ल्यातला, रोज सलाम-दुआ होणारा. “सर, तुम्ही शाळेत शिकवा ना,” तो हसत म्हणाला. हसण्यात राग होता. खाला अवघडली, उद्या गरज पडली तर याच्याच दारात जायचे. तरी ती म्हणाली, “भाईजान, घट एकदाच काटो.”

त्याने १५ घनफूट कबूल केले, मात्र घनफुटाचा भाव उतरवला. खालाने दोन्ही आकडे मला वहीत लिहायला लावले आणि वणीच्या वखारवाल्याला निरोप धाडला.