देवदारी देव्हारा

दिवाळीच्या साफसफाईत देव्हाऱ्याचे दार निखळले आणि आमच्या घराण्याचा एक अभिमान त्याबरोबर खाली आला. नाशकात आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता जिथे भेटतात, त्या द्वारकेजवळच्या आमच्या बिऱ्हाडात वडिलांनी १९६८ साली हा देव्हारा स्वतः केला. पाहुणा आला की ते म्हणत, "अस्सल देवदार! नावातच देव आहे." पुढे मीही तेच सांगत आलो.

मिस्त्री आले तेव्हा मी बजावले, "जपून हं, देवदार आहे." त्यांनी फळीच्या कडेवरून रंधा एकदा फिरवला, निघालेला छिलका नाकाशी धरला आणि माझ्या हाती दिला. टर्पेंटाइनचा वास!

"साहेब, ही चीड. खोक्याचं लाकूड."

बाजारात खोक्याच्या पांढऱ्या लाकडाला सरसकट 'देवदारी' म्हणतात, त्यातून हा घोटाळा. खरा देवदार हिमालयातला. त्याचा वास निराळा, आणि वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. आमच्या तळफळीत ती पोटभर जेवून गेली होती. तिथेच मला कळायला हवे होते. मिस्त्रींनी नख दाबले तर खूण उमटली. मग फळीचे टोक साफ कापून दाखवले. फिकट मऊ पट्टा, त्याला लागून गडद कठीण रेघ, आणि त्या रेघेच्या आसपास सुईच्या टोकाएवढे ठिपके. त्या राळेच्या नळ्या. देवदारात त्या एरवी नसतात.

नवी फळीही त्यांनी वखारीतून चिडीचीच आणली. हल्ली असा बराच माल न्यूझीलंडहून कांडल्याला उतरतो. ते झाड तरी मूळचे कॅलिफोर्नियाचे! आमच्या देव्हाऱ्याचे गोत्र असे लांबचे.

मऊ लाकूड म्हणजे सोपे काम, या समजुतीने मी हौसेने एक खिळा ठोकला. फळी टोकाशी उभी चिरली. मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. कडेपासून आत सरकून आधी बारीक भोक पाडायचे आणि खिळ्याचे टोक हातोडीने बोथट करायचे. अणकुचीदार टोक लाकडाचे धागे फाकवते, बोथट टोक ते तोडत आत जाते. गाठीजवळ ढलपी उडते, म्हणून तिथे रंध्याचे पाते अगदी थोडे बाहेर ठेवायचे. आणि रंगाआधी गाठीवर लाखेच्या पॉलिशचे दोन हात द्यायचे, नाहीतर उन्हाळ्यात राळ पाझरते.

राळ पाझरते म्हटल्यावर मी चमकलो. माझ्या लहानपणी वैशाखात बाळकृष्णामागच्या फळीवर एक चिकट थेंब येई. आई तो टिपी आणि म्हणे, "देवाला घाम आला." मग देवापुढे पंखा हलवण्याचे काम माझ्याकडे.

आता प्रश्न आईला सांगण्याचा. चौऱ्याऐंशीव्या वर्षी तिच्या देवांखालचा देवदार काढून घ्यायचा? मी घुटमळत सुरुवात केली, "अगं आई, मिस्त्री म्हणतात..."

"खोक्याचं आहे, असंच ना? त्या खोक्याचे खिळे मीच उपटले होते. ह्यांना आवडायचं देवदार म्हणायला."

मग ती मिस्त्रींकडे वळली. "त्या गाठीला लाख लावू नका हं."