एका टोच्यात

गेल्या महिन्यात हळद शिजवणीला जाणाऱ्या एका म्हातारीच्या हातावर सलाईनची लाईन लावताना मी दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सुई आमच्या कंत्राटी पोरीकडे दिली. तिनं एका टोच्यात शीर धरली, मायक्रोपोअर चिकटवला आणि म्हणाली, ‘‘लागली, मॅडम.’’ मला आधी राग आला. म्हातारी सुटली, हे नंतर सुचलं.

हाताची ही मिजास जुनी आहे. शीर बोटाखाली दबते आणि परत वर येते, तेवढ्यावर आमचं सगळं. करोनात नेमकं तेच बोट गेलं. किटमधला घाम, सहा-सहा तास पाणी नाही, पाळीचे दिवस, कागदावर एका व्हेंटिलेटरला एक सिस्टर आणि प्रत्यक्षात किती, हे ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. पण दोन ग्लोव्हज आणि वाफ धरलेला गॉगल! शीर कुठली, स्नायूची दोरी कुठली, कळेना.

2020 च्या उन्हाळ्यात हे लक्षात आलं नाही. तेव्हा मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून हिंगोलीला परतलेले राज्य राखीव दलाचे जवान पॉझिटिव्ह निघत होते. तरणी पोरं, दाव्यासारख्या शिरा, आंधळ्यानंही लावावी. मी मात्र ‘किटमध्येसुद्धा माझा हात चुकत नाही’ म्हणत मिरवलं. दुसऱ्या लाटेत पेशंट आले ते साठीच्या पुढचे, शुगरवाले, तापानं सुकलेले, दोन्ही हात टोचून काळेनिळे.

16 मे 2021 ला आमच्या हिंगोलीकडचे काँग्रेस खासदार राजीव सातव पुण्यात वारले, त्याच आठवड्यातली रात्र. कळमनुरीकडच्या एका आजोबांची लाईन सुजली. नवी लावताना तीनदा चुकले. मग कात्रीनं तर्जनीपुरती दोन्ही ग्लोव्हजची टोकं कापली आणि उघडं बोट त्यांच्या कोपराच्या खळगीत टेकवलं. तापलेली ओली कातडी, खाली खोलवर मऊ रबरासारखं काहीतरी. लागली.

पेशंटसाठी जोखीम घेतली, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं असं, की पलीकडच्या बेडवर हीच पोरगी उभी होती. त्या रात्री तिनं दोन अवघड लाईनी लावल्या होत्या. मी हाक मारली नाही. आजोबा तिसऱ्या दिवशी गेले. ते शिरेपायी नव्हे, पण ते चार टोचे माझे.

ती शिकली तीच दोन ग्लोव्हजमध्ये. उघड्या बोटाची चटक तिला लागलीच नव्हती, म्हणून तिचं काही हरवलं नाही. मोठ्या शहरांत आता शिरा दाखवणारा उजेड आलाय म्हणतात. येऊ दे. दिसलेली प्रत्येक शीर सुई घेत नाही, हे त्या उजेडाला कोण सांगणार? या पोरीला ते कळतं.

लाट ओसरल्यावर तिला घरी बसवलं होतं. आता अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर परत घेतलंय. मार्चात ती ऑर्डर संपते.