पाचवे तिकीट

भिलाईत राहणाऱ्या माणसाला समुद्राचे आकर्षण जरा जास्तच असते. कारखान्याची धुरांडी, सेक्टरमधले सरळ रस्ते आणि रांगेने उभी क्वार्टर्स हे आमचे रोजचे दृश्य. रविवारी मैत्री बागेत जायचे, पांढरे वाघ बघायचे आणि तिथल्या तळ्यात नावेत बसायचे, की झाली सहल! म्हणून २०२३ च्या डिसेंबरात अंदमानला जायचे ठरले तेव्हा मुले तर हरखलीच, पण मीही काही कमी हरखले नाही.

तिकिटे चारच काढायची, हे मी मनाशी पक्के केले होते. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. गुडघे दुखरे, जेवणाच्या वेळा ठरलेल्या. आठ दिवस त्या नागपूरला माझ्या नणंदेकडे राहतील, असे मी नणंदेशी परस्पर बोलूनही घेतले होते. एका रात्री जेवताना सासूबाईंनीच ह्यांना विचारले, "तिकिटं काढलीस का रे?"

"नाही अजून."

"मग पाच काढ."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी विमान, बोटी, वाळू असे सगळे अडथळे मोजून दाखवले. "आई, तिथे सगळे पाण्यातले खेळ. तुम्हाला कसं करमेल?"

"मला करमणूक नकोच आहे. मला तो तुरुंग बघायचाय."

पुढे बोलायला त्यांनी जागाच ठेवली नाही. १९६५ साली लग्न होऊन त्या यवतमाळहून भिलाईत आल्या. सासरे ब्लास्ट फर्नेसमध्ये होते. एल.टी.सी. मिळायची, पण ती कधी दिराच्या लग्नात गेली, कधी गावच्या घरासाठी. "पुढच्या खेपेला तुला समुद्र दाखवतो," असे म्हणता म्हणता सासरे गेले.

पाच तिकिटे निघाली. दुर्गहून रात्रीच्या गाडीने हावड्याला आणि कोलकात्याहून विमानाने पुढे. "हे रूळ आपल्या भिलाईचे बरं का," असे हे रेल मिलच्या अभिमानाने इतक्यांदा म्हणाले, की मुले डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली. विमान दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअरला उतरले. २०२४ च्या सप्टेंबरात या गावाचे नाव श्री विजयपुरम झाले. पहिली गंमत घड्याळाने केली. वेळ आपलीच, पण बेटे इतकी पूर्वेला की साडेपाच वाजता काळोख! साहजिकच फिरायला निघायचे ते पहाटे. सासूबाई चारलाच उठून, आंघोळ करून तयार बसायच्या. उशीर व्हायचा तो आम्हालाच.

वंडूरहून बोटीने आम्ही जॉली बॉय बेटावर गेलो. हा महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथे प्लॅस्टिक नेता येत नाही. धक्क्यावर पिशव्या तपासल्या तेव्हा आमची बिस्किटे, चिप्स सगळे बाहेर निघाले. सासूबाईंचा चिवड्याचा स्टीलचा डबा मात्र बिनबोभाट पुढे गेला. "पोलादाच्या गावची आहे मी," त्या म्हणाल्या आणि दुपारी त्याच डब्यातून सगळ्यांना मोजून चिवडा मिळाला.

काचेच्या तळाच्या नावेत त्यांना दोघांनी धरून बसवले. खाली पोवळ्यांची बाग पसरली होती. कुठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कुठे माणसाच्या मेंदूसारखे गोळे, मधून पिवळे-निळे मासे. मधेच पांढरेफटक पट्टेही दिसत. समुद्राचे पाणी तापले की पोवळी आपला रंग टाकतात. २०१० साली इथली बरीच पोवळी अशी पांढरी पडली होती. "पाण्यालाही ताप येतो म्हणायचा," सासूबाई हळूच म्हणाल्या.

रॉस बेटाचे नाव २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. एकेकाळी इंग्रजांचा सारा कारभार इथून चाले. आज तिथे चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी कवटाळले आहे आणि साहेबांच्या अंगणात हरणे चरतात. बेटावर बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, म्हणून गुडघ्यांची चिंता पडली नाही.

तुरुंग मी मुद्दाम मागे ठेवला होता. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे, हे मला ठाऊक होते. तोवर सासूबाई दमतील आणि अंगणातूनच नमस्कार करतील, असा माझा हिशेब.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या. त्यांतल्या आता तीन उरल्या आहेत. एका इमारतीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येईल अशी रचना, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. कोठडीला खिडकी नाही, तीन मीटर उंचीवर फक्त एक झरोका. खाली कोलू ठेवलेला आहे. त्याला माणूस जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायला लावत.

"आई, इथूनच हात जोडा," मी म्हटले.

त्यांनी उत्तर दिले नाही. कठड्याला धरून एक पायरी चढायची, थांबायचे, मग दुसरी. मी मागून चालत होते. वर पोचायला वीस मिनिटे लागली. कोठडीत फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. ती सरेपर्यंत त्या थांबल्या, आत गेल्या, हात जोडले. बाहेर येऊन गजांना धरून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"येसूवहिनींना म्हटलं, आले मी."

मला क्षणभर कळेना. मग तिथेच ओसरीवर टेकून त्यांनी सांगितले. विनायकराव १९११ साली इथे आले. थोरले बंधू बाबारावही याच तुरुंगात होते. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी तिकडे नाशकात वाट बघत राहिल्या. १९१९ साली अखेर घरच्यांना भेटीची परवानगी मिळाली. विनायकरावांच्या पत्नी माई आणि धाकटे बंधू नारायणराव समुद्र ओलांडून आले. येसूवहिनी मात्र त्या भेटीआधीच वारल्या होत्या.

"माझी आई ही गोष्ट सांगताना दर वेळी डोळे पुसायची," सासूबाई म्हणाल्या. "म्हणायची, जिला जमेल तिनं जाऊन यावं, त्या बाईच्या वाटणीचं. आईला नाही जमलं. मलाही जमेल असं वाटलं नव्हतं."

मला नणंदेला केलेला तो फोन आठवला. मी समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी स्वराज द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, बोटीने निघालो. समुद्र उसळलेला. तासाभरात मी पिशवीत तोंड घालून बसले. सासूबाई मात्र ठणठणीत! त्यांनी लिंबू हुंगायला दिले, कपाळ पुसले, पाठ चोळली. आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मला नागपूरला सोडून आली असतीस, तर आत्ता पाठ कोणी चोळली असती?"

म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते! पहिल्या दिवसापासून! मी मान वर करून काही बोलणार, तेवढ्यात पुन्हा उमळून आले. माफी राहूनच गेली.

राधानगरच्या किनाऱ्यावर पांढरी वाळू लांबवर पसरलेली, मागे उंच झाडांची भिंत. "ये समुद्री महुआ है," गाडीवाला म्हणाला. मोहाचे नाव ऐकताच सासूबाई थबकल्या. आमच्या मोहाहून हे झाड वेगळे, पण दोन्ही चिकूच्याच कुळातली. त्यांनी खोडावरून हात फिरवला, जणू माहेरचे कोणी भेटले.

सूर्य पाण्यावर टेकला होता. त्यांनी लुगड्याचा काठ किंचित उचलला आणि माझा हात धरला. पहिली लाट घोट्यापर्यंत आली. त्या दचकल्या, मग हसल्या. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले.

"खरंच खारट आहे गं! तुझे सासरे म्हणायचे, तेव्हा मला थट्टा वाटायची."

"आई, माझं चुकलं," मी म्हटले.

"लाट येतेय, नीट उभी राहा," त्या म्हणाल्या. हात मात्र त्यांनी सोडला नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथे जायला चांगला काळ. घरात म्हातारे माणूस असेल तर दिवसाला एकच ठिकाण ठेवावे, बाकी काही अवघड नाही. आता आमच्याकडे कुठे जायचा नुसता विषय निघाला, तरी धाकटा आधी आजीच्या खोलीत डोकावतो आणि विचारतो, "आजी, तिकिटं किती?"