गोल तार, चपटी तार

गेल्या श्रावणात माझ्या बेस गिटारीच्या तारा गंजल्या. तशा त्या दरवर्षीच गंजतात. चिंचपोकळीच्या पावसाळ्यात कडीकोयंडा, काडेपेटी आणि माणसाचा उत्साह यांपैकी काहीच कोरडे राहत नाही, तिथे तारांची काय कथा! त्यातून माझ्या बोटांना घाम फार. दोन-तीन महिन्यांनी मी त्या तारा उतरवतो आणि पाण्यात उकळतो. मळ सुटतो, आवाज काही दिवस पुन्हा लखलखीत होतो. घरच्या मंडळींनी या कामासाठी एक पोचे आलेले पातेले मला कायमचे बहाल केले आहे, आणि पाहुणे आले असता ‘काय शिजतंय?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारीही माझ्यावरच टाकली आहे.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचे, लांब मानेचे वाद्य. गाण्यात ते असते, पण दिसत नाही, घराच्या जोत्यासारखे. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते. पंचमदांच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी हे वाद्य वाजवले. ती गाणी तोंडपाठ असलेल्या हजारो लोकांना हे नाव मात्र ठाऊक नसते. चालायचेच. मी 1986 पासून लालबाग-परळच्या ऑर्केस्ट्रांतून, गणपतीच्या मांडवांतून हे वाद्य वाजवतो आहे, आणि मला आजवर एकदाच ‘वन्स मोअर’ मिळाला. तोही शेजारी उभ्या असलेल्या गायिकेला होता.

तारांमध्ये दोन घराणी आहेत. दोन्हींत मधला गाभा पोलादाचा. त्याच्यावर बारीक गोल तार गुंडाळली की ती राउंडवाउंड, आणि चपटी पट्टी कडेला कड लावून गुंडाळली की फ्लॅटवाउंड. फरक एवढाच. पण हात फिरवून पाहा. गोल तार बोटाखाली कानशीसारखी लागते. चपटी तार आमच्या चाळीच्या जिन्याच्या कठड्यासारखी, तीन पिढ्यांच्या तळहातांनी घासून गुळगुळीत केलेली.

1951 मध्ये लिओ फेंडरने अमेरिकेत आपली बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर चपट्याच तारा होत्या. डेट्रॉइटचा जेम्स जेमर्सन हा मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डांवर वाजवणारा थोर वादक. त्याच्या गिटारीवर ला बेला कंपनीच्या जाड चपट्या तारा असत आणि तो त्या सहसा बदलतच नसे. मग 1966 च्या सुमारास इंग्लंडात ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या जॉन एंटव्हिसलने रोटोसाउंड कंपनीकडून गोल तारांचा संच करवून घेतला. त्याला पियानोच्या खर्जातली झणझणीत खणखण हवी होती. ती मिळाली, आणि तरुण पोरांनी चपट्या तारा अडगळीत टाकल्या.

मीही टाकल्या, म्हणजे कधी लावल्याच नाहीत. मला वाटते, आपल्या कानाला गोल तार आवडण्याचे आणखी एक कारण आहे. आपण तंबोऱ्यावर वाढलेली माणसे. घोडीवर तारेखाली दोरा सारून जवारी काढायची आणि एका सुरातून दहा सूर झंकारताना ऐकायचे, हे आपले जुने वेड. नव्या गोल तारेत त्या झंकाराची झाक असते. मात्र तिला एक खोड आहे. सुरावरून सुरावर बोट घसरले की खाचांवर घासून ‘चर्र’ असा आवाज होतो. वादकाला तो ऐकू येईनासा होतो, जसा आम्हाला गाडीचा खडखडाट.

आता अण्णांविषयी सांगायला हवे. आमचे वडील, अण्णा, 1958 साली गिरणीत साचेखात्यात लागले. शेकडो साचे एकदम चालत, धोटे दोन्हीकडे आपटत. माणसे एकमेकांशी ओठांवरून आणि हाताच्या खुणांनी बोलत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, गिरणी सुटली. पण तोवर साच्यांनी कान नेले होते. असे कान सगळे एकदम जात नाहीत. सेकंदाला 4000 कंपनांच्या आसपासचे तीव्र आवाज आधी जातात, खालचे टिकून राहतात. म्हणून अण्णांना ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नाहीत. माझी बहीण आली की आम्ही ओरडून सांगतो, ‘सुशी आली!’ आणि अण्णा विचारतात, ‘कुणाची उशी?’ पण लांबची गाडी त्यांना फळ्यांच्या जमिनीतून पायांना कळते. ‘फास्ट गेली,’ म्हणतात. चुकत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही त्यांना कानाचे यंत्र घेतले. त्यानंतर एक गोष्ट रोज घडू लागली. मी संध्याकाळी गिटार हातात घेतली की अण्णा यंत्र काढून चष्म्याच्या घरात ठेवत आणि खिडकीकडे तोंड करून बसत. ‘बंद कर’ असे कधी म्हणाले नाहीत. मी समजून घेतले होते, की आयुष्यभर भजनी मंडळात पखवाज वाजवलेल्या माणसाला हे पोराचे सोंग आवडत नसणार. थोडे लागले. पण विचारले नाही. बापलेकांत काही गोष्टी न विचारण्याचा आपल्याकडे प्रघातच आहे.

तर श्रावणात तारा गंजल्या, आणि उकळण्याचाही कंटाळा आला म्हणून मी धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये गेलो. 1865 पासूनचे दुकान. तिथे चपट्या तारांचा संच समोर आला. किंमत नेहमीच्या संचाच्या जवळजवळ दुप्पट. का घेतला, सांगता येणार नाही. वयाची साठी आली की माणसाला गुळगुळीत गोष्टी आवडू लागतात, एवढेच म्हणतो.

घरी येऊन लावला, आणि पहिला आठवडा पश्चात्तापात गेला. तारा ताठ. बोटे दुखली. आवाज असा, की कुणी गिटारीवर गोधडी टाकली आहे. सूर उमटे, गोल, भरीव, आणि लगेच आवरता घेई. मींड मात्र काय निघे! लोण्यातून बोट फिरवावे तशी. घासल्याचा मागमूस नाही. वरचा कडकडाट गेल्यामुळे शेजाऱ्यांची कुरकुर थांबली, म्हणून मी आवाजाचे बटण थोडे पुढे नेले.

चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की चष्म्याचे घर रिकामे आहे. यंत्र अण्णांच्या कानातच होते. कॉटच्या कडेला बसून त्यांनी पाय जमिनीवर सपाट टेकले होते.

‘अरे,’ ते म्हणाले, ‘ती करवत कुठे गेली?’

‘कसली करवत, अण्णा?’

‘तुझ्या वाजवण्यात करवत चालायची ती. मेंदूत घुसायची रे.’

मग सगळा उलगडा झाला. कानाचे यंत्र नेमके गेलेले तीव्र सूर वाढवून देते. माझी ती ‘चर्र’, जी मला ऐकूच येत नव्हती, ती त्यांच्या कानात सुरीसारखी जात होती. सहा वर्षे! गाण्याशी त्यांचे वैर नव्हतेच.

मी जाड तार पुन्हा छेडली. त्यांनी मान डोलावली. ‘हा पखवाज आहे. धुमेला कणीक नीट बसलीय.’

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, ती कमी-जास्त करून खर्ज जमवतात. दोन दुकानदार, चार वादक आणि परदेशी कंपन्यांच्या जाहिराती यांनी चपट्या तारेच्या आवाजाचे इतके वर्णन केले असेल, पण इतके नेमके कुणी केलेले मला ठाऊक नाही.

म्हणून मी चपट्या तारेचा भक्त झालो, असे मात्र नव्हे. अंगठ्याने थाड्‌थाड्‌ वाजवायची नाचाची गाणी तिच्यावर मरगळतात. आमच्या ऑर्केस्ट्रातला तरुण कीबोर्डवाला दोनदा म्हणाला, ‘काका, बेस दबलाय.’ खरे आहे त्याचे. कार्यक्रमाच्या दिवशी मी एका पोराची गोल तारांची गिटार मागून नेतो, झणझणीत वाजवतो, आणि खोटे कशाला बोलू, मनापासून सुखावतो. घरची गिटार घरीच राहते. तिच्या तारा मुरांब्यासारख्या मुरत चालल्या आहेत. उकळायचे पातेले माळ्यावर गेले.

एकच अडचण उरली. निकामी झालेली जाड गोल तार अण्णा आजवर मोरीची नळी साफ करायला घेत. तिच्या खाचांत केस, साबण, भाताची शिते, सगळे अडकून येई. परवा मोरी तुंबली. अण्णा माझ्यापाशी आले.

‘तारा कधी बदलतोयस?’

‘सध्या नाही, अण्णा. या वर्षानुवर्षे चालतात.’

‘हं,’ ते म्हणाले, नवी गुळगुळीत तार बोटाने चाचपली, आणि छत्रीची काडी शोधायला निघून गेले.