आठ मिलिमीटरचा मोह

"ताई, ह्यात आता बोअर मारायला जागाच नाही राहिली," गॅरेजवाले मामा म्हणाले आणि माझ्या पोटात गोळा आला. बाबांची 1994 ची आरएक्स 100. पिस्टन जाम! पाव-पाव मिलिमीटर करत चार वेळा बोअर मारून झालेला. शेवटचा ओव्हरसाइजही संपला.

मग मामांनी हुकमाचा पत्ता टाकला. "135 चा ब्लॉक-पिस्टन टाकू. गाडी उडेल!"

खरं सांगते, मी विरघळले. गणितच तसं भन्नाट. दोन्ही इंजिनांत पिस्टनचा वर-खाली प्रवास सारखाच, 50 मिलिमीटर. फरक फक्त सिलिंडरच्या व्यासात. 50 चा 58 झाला की 98 सीसीचे थेट 132! म्हणजे पस्तीस टक्के वाढ. तुमच्या अप्रेझलमध्ये तरी मिळते का हो एवढी?

घरी बाबांना सांगितलं. "तुझीच गाडी आहे आता," एवढंच म्हणाले, पेपरमधून मान वर न करता. बाबा असं बोलले की समजायचं, लागलंय.

दुसऱ्या दिवशी मामांना नीट विचारलं. मोठा पिस्टन जड, पण क्रँकचं वजन लहान पिस्टनच्या हिशेबानं जुळवलेलं. म्हणजे थरथर वाढणार. कार्ब्युरेटरचा जेट मोठा टाकावा लागणार, नाहीतर पेट्रोल कमी पडून इंजिन तापणार. इथे थंड करायला पाणीबिणी काही नाही, फिनांवरून जाणारा वारा हाच काय तो आधार. तापलं की पुन्हा जाम! आणि क्रँककेसचं तोंड नव्या ब्लॉकशी जुळवायला घासावं लागणार.

"आणि परत 100 करायची म्हटली तर?"

मामा हसले. "घासलेलं परत कसं भरायचं, ताई?"

शिवाय आरसी बुकात इंजिन 98 सीसीचं. कंपनीनं दिलेल्या गाडीत असा मूलभूत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलंय. आणि दर पाच वर्षांनी पासिंगला जायचंय मलाच.

शेवटी जुन्याच ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह बसवून घेतली. पिस्टन पुन्हा स्टँडर्ड, 50 चा. पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवायची ताकीद. फ्लायओव्हरवर कॉलेजची पोरं स्कूटरवरून हात दाखवून पुढे जातात तेव्हा तो 58 आठवतो. नाही कसा आठवणार?

परवा संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडी लावत होते. बाबा चपला घालून खाली आले. फिनांजवळ तळहात धरून थोडा वेळ उभे राहिले.

"फार तापत नाहीये," म्हणाले. मग हात पुढे केला. "किल्ली दे. एक चक्कर मारून येतो."