मेकाँगच्या काठी मूठभर भात

लाओसला समुद्र नाही. चीन, म्यानमार, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या पाच देशांनी त्याला चारही बाजूंनी वेढलं आहे. समुद्राने जे द्यायचं ते सगळं त्याला मेकाँगने दिलं. तिबेटच्या पठारावरून निघालेली ही नदी चार हजारांहून अधिक किलोमीटर वाहते, आणि त्यातला मोठा पल्ला लाओसमधून किंवा लाओसच्या सीमेवरून जातो. देश आकाराने महाराष्ट्राच्या पाऊणपट, वस्ती मात्र जेमतेम पाऊण कोट. मुंबईत याहून जास्त माणसं राहतात. म्हणून तिथे पोचल्यावर डोळ्यांच्या आधी कानांना कळतं की आपण दुसऱ्या देशात आलो. भोंगा वाजत नाही, कुणी कुणाला ओरडून हाक मारत नाही. बाजारातल्या भाजीवाल्या बायकासुद्धा घरातल्यासारख्या हळू बोलतात.

उत्तरेला हुआय साय नावाचं गाव आहे. समोरच्या काठावर थायलंड. तिथून लुआंग प्राबांगला जाणारी लाकडी होडी दोन दिवस घेते. आता चीनकडून आलेली रेल्वेही आहे. २०२१ च्या डिसेंबरात ती सुरू झाली आणि राजधानी व्हिएन्तिआनहून लुआंग प्राबांग दोन तासांवर आलं. तरीही मी होडीनेच गेले, कारण हा देश रुळांवरून दिसतो तसा नाही. तो नदीच्या बाजूने बांधलेला आहे. गावांची तोंडं नदीकडे, देवळांच्या पायऱ्या नदीत उतरलेल्या.

होडी लांबच लांब आणि अरुंद, वर छप्पर, आत जुन्या गाड्यांमधून काढून आणलेल्या खुर्च्या. मागे इंजिन, आणि त्याच्याही मागे नावाड्याचं घर. तिथे त्याची बायको चुलीवर भात वाफवत होती. सुकत घातलेले कपडे, कुंड्यांत लावलेली मिरची, झोपलेलं मूल. नावाडी पुढे बसून पाण्याकडे बघत होता. त्याची ती नजर मला फार आवडली. मेकाँगच्या पोटात काळे खडक आहेत. काही दिसतात, काही नुसते पाण्याच्या सुरकुतीवरून ओळखायचे. म्हणून रात्री होडी चालत नाही, वाटेतल्या पाक बेंग गावी मुक्काम करते.

थंडीचे दिवस होते, पाणी उतरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळपेरावर भुईमुगाच्या ओळी. नदीने पावसाळ्यात आणून टाकलेली माती, पुढचा पाऊस येईपर्यंत गावाची. काही बायका काठच्या वाळूत लाकडी परात फिरवून सोन्याचे कण शोधत होत्या. धक्का नाही, पाटी नाही अशा ठिकाणी होडी वाळूला टेकायची, एखादी बाई तांदळाचं पोतं घेऊन उतरायची, वरच्या झाडीतून दोन पोरं धावत यायची. एका ठिकाणी कुणीच उतरलं नाही. नावाड्याने औषधांची एक पिशवी काठावरच्या मुलीच्या हातात दिली आणि होडी पुन्हा प्रवाहात घेतली. पैशांची देवघेव झाली नाही. कदाचित आधी झाली असेल, कदाचित नंतर होणार असेल.

लुआंग प्राबांगच्या वर साधारण पंचवीस किलोमीटरवर नाम ऊ ही नदी मेकाँगला मिळते. संगमासमोरच्या चुन्याच्या कड्यात पाक ऊ च्या गुहा आहेत. आत हजारो बुद्धमूर्ती: लाकडाच्या, राळेच्या, हाताच्या बोटाएवढ्या, माणसाएवढ्या. कुणाचा हात गेलेला, कुणाचा मुलामा उडालेला, कुणाला वाळवीने पोखरलेलं. घरात किंवा विहारात जीर्ण झालेली मूर्ती फेकायची नाही, ती इथे आणून ठेवायची, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. नवीन वर्षाला पूर्वी राजा स्वतः होडीने येऊन इथे पूजा करायचा. राजेशाही १९७५ मध्ये संपली, लोक मात्र अजून येतात आणि मूर्तींना पाण्याने न्हाऊ घालतात. भग्न मूर्तींची इतकी मोठी आणि इतकी प्रसन्न सभा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लुआंग प्राबांग हे मेकाँग आणि नाम खान यांच्या मधल्या जिभेसारख्या भूमीवर वसलेलं जुनं राजधानीचं गाव. १९९५ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एवढ्याशा वस्तीत तीसहून अधिक विहार. पहाट फुटायच्या आत भिक्खू अनवाणी बाहेर पडतात. ज्येष्ठ पुढे, वयाने लहान श्रामणेर मागे, एकामागे एक अशी भगवी ओळ. रस्त्याच्या कडेला बायका गुडघ्यांवर बसलेल्या, डाव्या खांद्यावरून उपरणं, पुढ्यात बांबूची टोपली, टोपलीत वाफाळलेला चिकट भात. प्रत्येक पात्रात एक चिमूट. देणारी वर बघत नाही, घेणारा आभार मानत नाही.

मी राहत होते त्या घरची आजी पहाटे चारला उठून भात लावायची. एकदा मी विचारलं, रोज कंटाळा येत नाही का? तिच्या नातीने प्रश्न तिला समजावला. आजी म्हणाली, "भात तर आम्हालाही लागतोच. त्यांच्यासाठी वेगळा कुठे शिजवते?" एवढंच. तिच्या बोलण्यात पुण्याचा हिशेब नव्हता. आपल्याच भांड्यातलं, आपल्या खाण्याच्या आधी, आपल्या हाताने. ओळीच्या शेवटी काही गरीब मुलं रिकाम्या टोपल्या घेऊन बसतात, आणि भिक्खू स्वतःच्या पात्रातला भात त्यांच्या टोपलीत टाकत जातात. लहान श्रामणेरांतले कितीतरी डोंगरातल्या गरीब घरांतून आलेले असतात. विहारात चीवर मिळतं आणि शाळाही. म्हणजे दिलेला भात गावातच फिरत राहतो.

वात शिएंग थोंग हा इथला सर्वांत देखणा विहार. राजा सेत्थाथिरातने तो १५६० च्या सुमारास बांधला. एकावर एक उतरत्या छपरांच्या कडा जवळजवळ जमिनीला टेकायला येतात, आणि मागच्या भिंतीवर लाल पार्श्वभूमीवर काचेच्या तुकड्यांचा मोठा वृक्ष आहे. पण मी रमले ते आवारातल्या छोट्या लाल मंदिरापाशी. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर रंगीत काचांनी गावाचं रोजचं जगणं मांडलं आहे: नांगर धरलेला शेतकरी, जाळं टाकणारा कोळी, हत्ती, होडी, भांडणारी माणसंसुद्धा. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली त्या निमित्ताने, १९५७ च्या सुमारास, हे काम झालं. त्याच अडीच हजाराव्या वर्षाच्या पर्वात, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसह लाखोंनी धम्म स्वीकारला होता. एकीकडे चालत आलेला धम्म काचेत जडवला जात होता, दुसरीकडे हरवलेला धम्म माणसं पुन्हा मिळवत होती. संध्याकाळी विहारात पाली वंदना सुरू झाली. चाल अनोळखी होती, पण त्रिसरण आणि पंचशील मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात लहानपणापासून ऐकलेलं. ओठ आपोआप हलू लागले.

वात माय नावाच्या विहाराच्या ओसरीवर सोनेरी उठावचित्रांची अख्खी भिंत आहे. तिच्यावर वेस्संतराची कथा कोरली आहे. बुद्ध होण्याच्या आधीच्या जन्मांतला हा राजपुत्र. मागितलं ते देत गेला: राज्याला पाऊस देणारा पांढरा हत्ती दिला, म्हणून प्रजेने त्याला वनात घालवलं, वाटेत रथ आणि घोडे दिले, वनात आपली दोन मुलंही एका ब्राह्मणाला देऊन टाकली. लाओसमध्ये दरवर्षी या कथेचा उत्सव होतो, भिक्खू ती सबंध वाचून दाखवतात आणि गाव ऐकत बसतं. भिंतीपाशी एक तरुण श्रामणेर इंग्रजीचा अभ्यास करत होता. त्याला मी फोनवर अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातलं चित्र दाखवलं. तोच राजपुत्र, तीच त्याची बायको माद्री, तोच दात विचकणारा दाढीवाला ब्राह्मण जूजक. पोराने क्षणात ओळखलं. "फा वेत!" असं राजपुत्राचं लाओ नाव घेतलं, आणि मग बराच वेळ फोन हातात धरून राहिला. ते चित्र दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे, मी राहते त्याच राज्यातलं आहे, हे कळल्यावर त्याने मला विचारलं, "तुमच्या गावात ही गोष्ट अजून वाचतात का?" आमच्याकडे लोक तिकीट काढून ती बघतात, मी सांगितलं.

ही कथा मला कधी पुरती पचली नाही, हे इथे लिहायलाच हवं. मुलं दिली तेव्हा माद्री वनात फळं वेचायला गेली होती. तिला कुणी विचारलं नाही. कथेत शेवटी सगळं परत मिळतं, मुलं आजोबांकडे सुखरूप पोचतात. पण संध्याकाळी पर्णकुटीत परतलेली माद्री मुलांना हाका मारत फिरते, ती जागा मला दानाच्या सगळ्या स्तुतीपेक्षा खरी वाटते. आजीचा भात आजीचा होता. मुलं एकट्या वेस्संतराची होती का?

लाओसमध्ये हा प्रश्न आज नदीबद्दल विचारावा लागतो. लुआंग प्राबांगच्या खालच्या अंगाला शायाबुरीचं धरण आहे, १,२८५ मेगावॉटचं. मेकाँगच्या खालच्या खोऱ्यातल्या मुख्य प्रवाहावरचं हे पहिलं धरण. २०१९ च्या ऑक्टोबरपासून ते वीज देतं, आणि त्यातली बहुतेक वीज थायलंडला जाते. नाम ऊ वर सात धरणांची माळ झाली आहे. आणि आता लुआंग प्राबांगच्या वरच्या अंगाला, पाक ऊ च्या गुहांपासून जवळच, १,४६० मेगावॉटच्या नव्या धरणाचं काम चाललं आहे. वारसा म्हणून जपलेलं गाव दोन धरणांच्या मध्ये सापडेल.

लाओसला पैशांची गरज आहे, हे मला मान्य आहे. समुद्र नाही, कारखाने थोडे, कर्जाचा बोजा मोठा. शिवाय या शांत देशाने जे सोसलं ते जगाने फारसं मोजलं नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने इथे वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यांतले कोट्यवधी लहान बॉम्ब फुटलेच नाहीत. ते अजून शेतांत आहेत, आणि नांगरताना, खेळताना माणसं अजून जायबंदी होतात. शिएंग खुआंग प्रांतातले कारागीर बॉम्बचं अ‍ॅल्युमिनियम वितळवून चमचे करतात. लुआंग प्राबांगच्या रात्रीच्या बाजारात मी तसा एक चमचा घेतला. वजनाला अगदी हलका. अशा देशाने वीज विकून शाळा आणि रस्ते बांधायचं म्हटलं तर बाहेरून आलेल्या पाहुण्याने नाक मुरडण्यात अर्थ नाही.

पण ज्याच्या गाळावर भुईमूग पिकतो, ज्याच्या खडकांवरून शेवाळ खरवडून, तीळ लावून, उन्हात वाळवून बायका काइपेन करतात, ज्याच्या माशांवर खालच्या कंबोडियापर्यंत लाखो घरं जेवतात, तो प्रवाह एका सरकारला एकट्याने देऊन टाकता येतो का? धरणात गाळ अडतो, म्हणून खालचं पाणी उपाशी होतं. माशांची ये-जा अडते. दक्षिणेला कंबोडियाच्या सीमेवरच्या डोहात इरावती डॉल्फिन होते. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथला शेवटचा डॉल्फिन मेला. तो कोळ्यांच्या जाळ्यात अडकून मेला, तेव्हा सगळा दोष धरणांना देता येणार नाही. पण सगळीकडून आवळत आलेल्या नदीचा तो रहिवासी होता. काठावरच्या लोकांना विचारलं गेलं ते बहुतेक कागदावर. माद्रीला तेवढंही विचारलं नव्हतं.

आणि देणं दुसऱ्याही बाजूने बिघडतं आहे, त्यात आपला हात आहे. लुआंग प्राबांगच्या मुख्य रस्त्यावर पहाटे गाड्या भरून प्रवासी येतात. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात, दलाल तयार भाताच्या टोपल्या विकतात, भिक्खूंच्या तोंडावर कॅमेऱ्याचे झोत पडतात. आठ-दहा वर्षांचा श्रामणेर डोळे मिटून पुढे सरकतो. तिथे आपलेही लोक होते, मराठीत एकमेकांना "नीट फोटो काढ" म्हणणारे. रस्त्यालगतच्या गल्लीत आमची आजी नेहमीच्या जागी बसली होती, आणि तिच्यापुढून चाललेली ओळ कुणी टिपत नव्हतं.

तेव्हा लाओसला जायचं मनात असेल तर धरणाचं काम पुरं व्हायच्या आत जा, आणि नदीतून जा. पहाटेच्या भिक्षेला मुख्य रस्ता सोडून गल्लीत जा, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहा, कॅमेरा खिशात ठेवा. द्यावंसं मनापासून वाटलं तर रस्त्यावरच्या दलालाकडची टोपली घेऊ नका; आदल्या दिवशी घरमालकिणीला सांगा, ती तुमच्यासाठीही भात लावेल, आणि कसं बसायचं तेही शिकवेल.